आधी डॉक्टर, मग दिवे: आंतरराष्ट्रीय विद्यापीठ बॉक्सिंग भरवू पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सरचिटणीस, भारतीय विद्यापीठ संघ, नवी दिल्ली
तसेच
मा. कुलगुरू व क्रीडा संचालक, महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे

विषय: परदेशी विद्यापीठांच्या सहभागाने बॉक्सिंग स्पर्धा भरवण्याची पूर्वतयारी

स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जागतिक विद्यापीठ नेमबाजी स्पर्धा नवी दिल्लीत झाली. वर्षभराने, नोव्हेंबर २०२५ मध्ये, वर्ल्ड बॉक्सिंग कपची अंतिम फेरी ग्रेटर नोएडात झाली. मग विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग आपल्याकडे का नको, हा प्रश्न आता निघणारच. फिसूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघाची जागतिक विद्यापीठ बॉक्सिंग स्पर्धा २००४ मध्ये अंताल्याला, २००६ मध्ये अल्माटीला, २००८ मध्ये कझानला आणि २०१० मध्ये उलानबातरला झाली. २०१३ च्या कझान युनिव्हर्सियादमध्येही बॉक्सिंग होते. या यादीत आपले एखादे शहर यावे, असे आम्हालाही वाटते.

पण लगेच फिसूकडे यजमानपद मागायला जाऊ नये, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. आधी एक छोटी निमंत्रितांची स्पर्धा भरवा: ८ संघ, १० वजनगट, एक रिंग, ६ दिवस. ती नीट पार पडली, तर मोठ्या स्पर्धेची भाषा करता येईल. या छोट्या स्पर्धेची तयारीही सभागृह, रोषणाई आणि बोधचिन्हापासून सुरू करू नका. सुरुवात दोन कागदांपासून होते: प्रत्येक बॉक्सरचे लढतींचे रेकॉर्ड बुक, आणि जवळच्या रुग्णालयाचे लेखी हमीपत्र.

कारण सांगतो. अमेरिकेत एकेकाळी महाविद्यालयीन बॉक्सिंग जोरात होते. एप्रिल १९६० मध्ये मॅडिसन इथे राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम लढतीनंतर विस्कॉन्सिन विद्यापीठाचा चार्ली मोर कोसळला आणि आठवडाभराने गेला. तो नवखा नव्हता, आदल्या वर्षीचा विजेता होता. त्यानंतर एनसीएएने, म्हणजे अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने ही स्पर्धाच बंद केली. बॉक्सिंग पुन्हा कॅम्पसवर आले ते १९७६ नंतर, वेगळ्या संघटनेच्या छत्राखाली आणि मर्यादित प्रमाणात. एखादे विद्यापीठ एका मृत्यूनंतर किती काळ बॉक्सिंगचे नाव काढणार नाही, याचा अंदाज त्यावरून करा.

विद्यापीठ स्पर्धेत धोका वाढतो तो जोड जुळत नाही म्हणून. ‘विद्यार्थी’ या एकाच शब्दाखाली फार वेगवेगळी माणसे येतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या ७ पैकी ५ सुवर्णपदके उझबेकिस्तानने नेली. तिकडच्या क्रीडा संस्थेत नाव असलेला विद्यार्थी राष्ट्रीय शिबिरातून थेट तुमच्या रिंगमध्ये उतरू शकतो. त्याच्यासमोर युरोपातल्या एखाद्या विद्यापीठ क्लबमधला, दोन वर्षांपूर्वी ग्लोव्ह्ज पहिल्यांदा घातलेला मुलगा येतो. आपल्याकडेही हरियाणा-पंजाबच्या विद्यापीठांतला बॉक्सर आणि विदर्भातल्या एखाद्या महाविद्यालयातला बॉक्सर यांच्या लढतींच्या संख्येत मोठे अंतर असते. वजन आणि वय सारखे असूनही ही लढत बरोबरीची नसते.

म्हणून प्रवेशिकेबरोबर रेकॉर्ड बुकाच्या पानांची स्कॅन प्रत मागा. प्रशिक्षकाचे ‘खेळाडू अनुभवी आहे’ असे पत्र चालणार नाही. आमची शिफारस अशी: किमान १५ नोंदवलेल्या लढती, त्यांपैकी किमान एक गेल्या सहा महिन्यांतली. त्याहून कमी असेल त्याला नम्रपणे नकार द्या, संघ नाराज झाला तरी. सीडिंगबाबतही, म्हणजे मानांकनानुसार जोड्या लावण्याबाबतही सावध राहा. इतर खेळांत पहिल्या मानांकिताला आठव्यासमोर ठेवण्याने काही बिघडत नाही. इथे मात्र त्यामुळे पहिल्याच दिवशी सर्वांत विजोड लढती लागतात. नियमांत मुभा असेल तर छोट्या स्पर्धेत सीडिंगशिवाय चिठ्ठ्या टाका. रेफरींच्या पहिल्या बैठकीत तांत्रिक प्रतिनिधीने एक गोष्ट स्पष्ट सांगावी: एकतर्फी लढत तिसऱ्या काउंटपर्यंत (मार बसल्यावर रेफरी आकडे मोजतो तो काउंट) ताणायची नाही.

वयाचा घोळ वेगळाच. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत वय शैक्षणिक वर्षाच्या हिशेबाने धरतात, फिसूत ३१ डिसेंबरला, आणि वरची मर्यादा २५. बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत जन्मवर्ष पाहतात. १७ आणि १८ वर्षांचे युवा गटात, १९ पासून एलिट गटात. प्रथम वर्षाची १८ वर्षांची मुलगी विद्यापीठाच्या नियमाने पात्र आणि बॉक्सिंगच्या नियमाने अपात्र, असे सहज घडते. माहितीपत्रकात ‘वय १८ ते २५’ असे मोघम न छापता जन्मवर्षे छापा. पासपोर्ट आणि विद्यापीठाच्या सही-शिक्क्याचे विद्यार्थी प्रमाणपत्र, दोन्हीची मूळ प्रत आगमनाच्या दिवशी पाहा. ड्रॉ, म्हणजे लढतींच्या जोड्या, निघाल्यावर तपासणी केली तर एक नाव काढताना अख्खा गट उलटापालटा होतो.

आता वैद्यकीय बाजू. इथे काटकसर चालत नाही.

रिंगजवळ दोन डॉक्टर हवेत, वैद्यकीय खोलीत तिसरा. दोनच असतील आणि एक जखमी मुलाबरोबर रुग्णालयात गेला, तर उरलेला टाके घालत बसतो आणि रिंगकडे कोणाचेच लक्ष नसते. डॉक्टर रिंगजवळ नसेल तर लढत सुरू करायची नाही, हा नियम उद्‌घाटनाला आलेल्या पाहुण्यांसाठीही मोडायचा नाही. कार्डियाक ॲम्ब्युलन्स दोन लागतात. एक निघून गेली की दुसरी जागेवर येईपर्यंत लढती थांबतात. एकच असेल तर संध्याकाळचे सत्र तिथेच संपते. १०८ ची गाडी हिशेबात धरू नका, ती शहरासाठी आहे. रिंगच्या कडेला ऑक्सिजन, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), सक्शन मशीन, मानेची कॉलर आणि स्पाइन बोर्ड असावा. बेशुद्ध बॉक्सरला दोरांमधून बोर्डवर कसे काढायचे, याची रंगीत तालीम स्वयंसेवकांकडून आदल्या दिवशी करून घ्या. रिंग एक मीटर उंच असते. चार माणसे वर, चार खाली, आणि हुकूम एकाचाच, असे ठरलेले नसेल तर गोंधळ होतो.

रुग्णालयाच्या हमीपत्रात तीन गोष्टी हव्यात: सीटी स्कॅन चोवीस तास चालू, न्यूरोसर्जनची त्या ६ दिवसांची नाववार ड्युटी, आणि पैसे भरण्याची वाट न पाहता दाखल करून घेण्याची तयारी. सभागृहापासून तिथपर्यंतचा रस्ता ॲम्ब्युलन्सने संध्याकाळी सात वाजता जाऊन पाहावा. पुण्यात सकाळी अकराला मोजलेला वेळ काही कामाचा नाही.

डोक्याला मार लागलेला प्रत्येक बॉक्सर रिंगमध्येच कोसळतो असे नाही. कवटीच्या आत रक्त साचत असताना मुलगा चालत खोलीवर जातो, जेवतो, आणि मध्यरात्री उलट्या सुरू होतात. त्यामुळे डोक्यावरच्या ठोशांमुळे थांबवलेल्या प्रत्येक बॉक्सरला एक कार्ड द्या: वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच या क्रमांकावर फोन. हे कार्ड इंग्रजीबरोबर रशियनमध्येही छापा, कारण मध्य आशियातले बहुतेक प्रशिक्षक तीच भाषा वाचतात. एक प्रत खोलीतल्या सोबत्याकडे, एक वसतिगृहाच्या रेक्टरकडे. त्या रात्री ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन द्यायचे नाही, लागलेच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आणि त्याला दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानात बसवायचे नाही. दोन रात्रींसाठी एक खोली राखून ठेवा.

सक्तीच्या विश्रांतीचे नियम ॲमेच्युअर बॉक्सिंगमध्ये जुने आहेत: डोक्यावरच्या माराने लढत थांबली पण शुद्ध हरपली नाही तर किमान ३० दिवस, एक मिनिटाच्या आत शुद्धीवर आला तर ९०, त्याहून जास्त वेळ लागला तर १८० दिवस. ही नोंद रेकॉर्ड बुकात त्याच दिवशी व्हावी आणि बॉक्सरच्या राष्ट्रीय महासंघाला ईमेलने जावी. विद्यापीठ स्पर्धा आणि महासंघाच्या स्पर्धा या दोन वेगळ्या दुनिया असल्यासारखे वागलो, तर नोव्हेंबरमध्ये नॉकआउट झालेला मुलगा डिसेंबरमध्ये दुसऱ्या शहरात पुन्हा रिंगमध्ये असतो आणि तिथल्या डॉक्टरला काहीच माहीत नसते.

पुरुषांच्या एलिट गटातून हेडगार्ड २०१३ मध्ये गेले. त्यामुळे भुवईवरचे कट वाढणार हे गृहीत धरा. बारीक टाके नीट घालणारा डॉक्टर हवा. हाडांचे तज्ज्ञ रिंगजवळ सन्मानाने बसवलेले असतात, पण इथे गरज असते ती आपत्कालीन विभागात काम केलेल्या डॉक्टरची.

वेळापत्रकाचे गणित आता मांडू, कारण खोल्यांपासून पंचांपर्यंत सगळे त्यावर ठरते. बाद पद्धतीत एका गटातल्या लढती बॉक्सरच्या संख्येपेक्षा एकने कमी असतात. वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सध्या पुरुषांचे १० आणि महिलांचे १० वजनगट आहेत. २०० बॉक्सर २० गटांत आले तर १८० लढती. लढत तीन मिनिटांच्या ३ फेऱ्यांची, मध्ये एकेक मिनिट विश्रांती, म्हणजे ११ मिनिटे. प्रवेश, निकाल आणि ग्लोव्ह्ज उतरवणे धरून १५. तासाला ४. एका रिंगवर ४५ तास लागतात. तीन तासांचे सत्र, दिवसाला दोन सत्रे, तरी साडेसात दिवस, आणि त्यात विश्रांतीचा दिवस नाही. म्हणजे दोन रिंग, दुप्पट पंच, दुप्पट डॉक्टर. पहिल्याच प्रयत्नात हे पेलणारे विद्यापीठ आम्हाला तरी दिसत नाही.

छोट्या स्पर्धेत ८ संघ, प्रत्येकी १० बॉक्सर: ५ पुरुष, ५ महिला. पुरुषांचे ५५, ६०, ६५, ७०, ८० किलो; महिलांचे ५१, ५४, ५७, ६०, ६५. अतिभारी गट मुद्दाम वगळले आहेत. तिथे बॉक्सर कमी मिळतात आणि दोघांच्या वजनात पंचवीस-तीस किलोंचा फरक पडू शकतो. एकूण ८० बॉक्सर, ७० लढती: ४० उपांत्यपूर्व, २० उपांत्य, १० अंतिम. पहिल्या दिवशी ५ गटांच्या उपांत्यपूर्व लढती, दुसऱ्या दिवशी उरलेल्या ५ गटांच्या. प्रत्येक दिवशी २०, दोन सत्रांत. तिसऱ्या दिवशी पहिल्या ५ गटांच्या उपांत्य, चौथ्या दिवशी दुसऱ्या ५ गटांच्या. रोज १०, एकच सत्र. पाचवा दिवस मोकळा. सहाव्या दिवशी १० अंतिम लढती. अशा रचनेत प्रत्येकाला दोन लढतींमध्ये किमान एक रिकामा दिवस मिळतो. हा रिकामा दिवस पाहुण्यांच्या सोयीसाठी कापू नका. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळते, तेव्हा पदके ४०: १० सुवर्ण, १० रौप्य, २० कांस्य. तिसऱ्या क्रमांकाची लढत नसते, हे पदके घडवणाऱ्याला सांगावे लागते.

वजन हा रोजचा विषय आहे. ज्या दिवशी लढत, त्या दिवशी सकाळी वैद्यकीय तपासणी आणि वजन. वजन संपल्यापासून पहिल्या लढतीपर्यंत किमान तीन तास. पहिल्या सर्वसाधारण वजनाला गटाची खालची आणि वरची, दोन्ही मर्यादा पाळाव्या लागतात. पुढे फक्त वरची. तिथे संधी एकच असते. म्हणून निवासाच्या ठिकाणी चोवीस तास उपलब्ध असलेला चाचणी काटा हवा, आणि खरी भांडणे त्याच्यावरूनच होतात. चाचणी काटा गालिच्यावर किंवा उंचसखल फरशीवर ठेवलेला असतो, शंभर-दीडशे ग्रॅम कमी दाखवतो, आणि मुलगी निर्धास्त झोपते. सकाळी अधिकृत काट्यावर ५४.१० येते आणि ती परत जाते. उपाय साधा आहे. एकाच मॉडेलचे, दोन दशांश दाखवणारे तीन इलेक्ट्रॉनिक काटे घ्या. तिन्ही वैधमापन शास्त्र कार्यालयाकडून तपासून त्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावा. काट्याखाली जाड, सपाट प्लायवूड ठेवा. शेजारी २० किलोचे प्रमाणित वजन ठेवा, म्हणजे शंका आली की कोणीही खात्री करून घेईल.

वजन करून बाहेर आलेला बॉक्सर आदल्या दुपारपासून उपाशी आणि तहानलेला असू शकतो. दारातच ओआरएस, केळी, उकडलेली अंडी, भात, दही, पाव, मध ठेवा. नाश्त्याची खोली दोन किलोमीटरवर असेल तर तीन तासांतला पाऊण तास बसमध्ये जातो. सौना द्यायचा का, यावर आमच्यात मतभेद आहेत. आमच्यापैकी बहुतेकांना तो देऊ नये असे वाटते. कोकणाच्या दमट हवेत तर मुळीच नाही. वजन उतरवायला लघवी वाढवणारी गोळी घेण्याचा मोह काहींना होतो. ती औषधे उत्तेजकद्रव्य नियमांत कायम प्रतिबंधित आहेत, हे प्रत्येक खोलीत लावलेल्या कागदावर असावे. नाडाला, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला, नमुने घेण्यासाठी आधीच पत्र द्यावे लागते. नमुने दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात, तेव्हा कुरियर आणि शीतपेटीची व्यवस्था विचारून ठेवा. चाचणी खोलीला स्वतंत्र स्वच्छतागृह आणि प्रतीक्षेची जागा लागते. प्रेक्षकांचे स्वच्छतागृह ‘तात्पुरते’ वापरता येत नाही.

रिंगबद्दल मापे सगळ्यांना ठाऊक असतात, तरी चुका तिथेच होतात. दोरांच्या आत ६.१० × ६.१० मीटर, दोरांबाहेर प्रत्येक बाजूला ८५ सेंटिमीटर, म्हणजे चौथरा ७.८० मीटरचा. दोर चार, जाडी ४ सेंटिमीटर, कॅनव्हासपासून ४०, ७०, १०० आणि १३० सेंटिमीटरवर. दोरांना प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी जोडपट्ट्या असतात. त्या नसतील तर ढकललेला बॉक्सर दोन दोरांतून बाहेर पडतो. कॅनव्हासखाली दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचा फेल्ट किंवा रबर. भाड्याच्या रिंगमध्ये हा थर बसून कडक झालेला असतो. अंगठ्याने दाबून पाहा, आणि चौथऱ्याच्या फळ्यांच्या सांध्यांवरून अनवाणी चालून पाहा. प्रायोजकाचे स्टिकर कॅनव्हासवर चिकटवू देऊ नका. घाम पडला की त्यावर पाय घसरतो. नाव हवेच असेल तर कॅनव्हासमध्येच छापून घ्या किंवा कोपऱ्याच्या पॅडवर घाला.

जज साध्या खुर्चीवर बसवले तर एक मीटर उंच चौथऱ्यामुळे आणि खालच्या दोरामुळे त्यांना अर्धी लढत दिसत नाही. खुर्च्या उंच हव्यात. दिवे वरून, सरळ खाली. टीव्हीसाठी बाजूने लावलेला प्रखर दिवा बॉक्सरच्या डोळ्यांत जातो. गुण देण्याची यंत्रणा यूपीएसवर ठेवा. जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात फेरीचे गुण उडतात. पाचही जजांकडे कागदी गुणपत्रिका असायलाच हव्यात. पुढे कधी दोन रिंग घेतल्या, तर एकीवर घंटा आणि दुसरीवर भोंगा ठेवा. दोन्हीकडे घंटाच असली की शेजारच्या घंटेवर बॉक्सर हात खाली करतो आणि त्याच क्षणी ठोसा बसतो.

ग्लोव्ह्ज यजमानाने द्यायचे, मान्यताप्राप्त कंपनीचे. महिलांना आणि पुरुषांच्या हलक्या गटांना १० औंस, वरच्या गटांना १२. नेमकी सीमा चालू नियमपुस्तकातून घ्या. एका लढतीला लाल-निळा जोड वापरात असतो, पुढचा घातला जात असतो, मागचा निर्जंतुक होऊन वाळत असतो. या हिशेबाने प्रत्येक औंसाचे प्रत्येक रंगाचे ६ जोड, एकूण २४, एका रिंगला पुरतात. अंतिम दिवसासाठी नवे वेगळे काढून ठेवा. हातपट्ट्या अडीच ते साडेचार मीटर लांब आणि ५.७ सेंटिमीटर रुंद. त्या तपासून सही करणारा माणूस ग्लोव्ह्जच्या खोलीतून हलता कामा नये.

एका लढतीला एक रेफरी आणि ५ जज, म्हणजे ६ जण, आणि लढणाऱ्या दोन देशांचे पंच त्या लढतीला चालत नाहीत. ८ देशांतून १२ पंच घेतले आणि दोन्ही देशांचे दोन-दोन निघाले, तरी ८ उरतात. सहा कामावर, दोन विश्रांतीवर. बारापेक्षा कमी घेतले तर संध्याकाळपर्यंत तेच चेहरे सतत बसतात, निर्णय ढिले होतात, आणि यजमान देशाच्या बाजूने गेलेला प्रत्येक निकाल संशयाचा ठरतो. त्यांचा प्रवास आणि मानधन यजमानाकडे असते. अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री लावण्याचा मोह इथेच होतो.

परवानग्यांचा क्रम चुकवू नका. परदेशी बॉक्सर येणार म्हणजे भारतीय बॉक्सिंग महासंघाची आणि त्यांच्यामार्फत वर्ल्ड बॉक्सिंगची मान्यता हवी. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जून २०२३ मध्ये आयबीए या जुन्या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेची मान्यता काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंगला तात्पुरती मान्यता दिली. ज्या देशाची संघटना वर्ल्ड बॉक्सिंगची सदस्य नाही, तिथल्या विद्यार्थ्याला घेता येईल का, हे निमंत्रण पाठवण्याआधी लेखी विचारा. ऑगस्ट २०२५ पासून महिला गटासाठी वर्ल्ड बॉक्सिंगने जनुकीय चाचणी सक्तीची केली आहे. ती करून घेण्याची जबाबदारी त्या त्या राष्ट्रीय महासंघाची आहे. प्रमाणपत्राची मागणी निमंत्रणातच करा. स्पर्धेच्या ठिकाणी कोणत्याही मुलीला त्यावरून बाजूला घेण्याची वेळ येऊ देऊ नका, आणि ही कागदपत्रे एकाच अधिकाऱ्याकडे कुलुपात राहू द्या.

व्हिसासाठी क्रीडा, परराष्ट्र आणि गृह या तिन्ही मंत्रालयांकडे संघांची देशवार यादी लवकर जायला हवी. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्लीच्या महिला जागतिक स्पर्धेसाठी कोसोवोच्या दोन्येता सादिकूला व्हिसा मिळाला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी नेमबाजांना विश्वचषकासाठी व्हिसा नाकारला गेला, तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारताशी पुढच्या यजमानपदांची बोलणीच थांबवली आणि ती लेखी हमी मिळाल्यावर सुरू झाली. विद्यापीठाच्या हातात हा निर्णय नसतो. पण निमंत्रण कोणाला द्यायचे हे असते. ज्या देशाच्या व्हिसाबद्दल शंका आहे, त्याला निमंत्रण पाठवण्याआधी मंत्रालयाला विचारा.

पैशांबाबत एकच उदाहरण पुरे. २०२१ ची पुरुषांची जागतिक बॉक्सिंग स्पर्धा नवी दिल्लीला मिळालेली होती. यजमानपदाची रक्कम ठरल्याप्रमाणे पोहोचली नाही आणि एप्रिल २०२० मध्ये ती बेलग्रेडला गेली. दोष कोणाचा यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे होते, पण स्पर्धा गेली ती गेलीच. परदेशात रक्कम पाठवायला सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आणि बँकेची मंजुरी लागते. विद्यापीठाच्या वित्त विभागात हे काम रोजचे नसते. वित्त अधिकाऱ्याला पहिल्याच बैठकीला बोलवा. परदेशी संघांचे प्रवेशशुल्क कोणत्या खात्यात घ्यायचे, हेही त्यांनाच आधी विचारा.

जागा आणि काळ. पुण्याच्या बालेवाडी संकुलाचा विचार पहिला होईल आणि तो बरोबर आहे. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत पुण्याने बॉक्सिंगही भरवले होते, आणि आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमुळे सरावाला जोडीदार आणि जाणकार माणसे शहरात आहेत. रशियन दुभाषे रानडे इन्स्टिट्यूटच्या परदेशी भाषा विभागातून मिळतील. पण बहुतेक संघ मुंबईत उतरतील. तिथून बसने चार तास, वर विमानाचा थकवा आणि उतरवत आणलेले वजन. पहिल्या वजनाच्या किमान दोन दिवस आधी सगळे पोहोचलेले हवेत. दोन दिवस आधी, ६ दिवस स्पर्धा, एक रात्र नंतर: ९ रात्री. संघामागे १० बॉक्सर आणि ४ इतर धरून ११२, पंच व तांत्रिक अधिकारी २०, असे १३२ जण. म्हणजे सुमारे १,२०० खाट-रात्री. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहे रिकामी असतात, हा मोह पडेल. पण तेव्हा फटाक्यांचा धूर असतो आणि गाड्या भरलेल्या असतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्लीच्या प्रदूषणाबद्दल परदेशी बॉक्सरांनी जाहीर तक्रार केली होती. सुट्टीचा शेवटचा आठवडा घ्या, दिवाळीचा नको.

आणखी एक गोष्ट, वरवर किरकोळ. जुलै २०२५ मध्ये जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत भारताच्या बॅडमिंटन संघातल्या १२ पैकी ६ खेळाडूंना खेळता आले नाही, कारण त्यांची नावे वेळेवर यादीत गेली नाहीत. बॉक्सिंगमध्ये तर सगळेच अशा एका यादीवर अवलंबून असते. ड्रॉच्या आधी प्रत्येक संघाच्या व्यवस्थापकाची नाव-वजनगट तपासलेल्या छापील यादीवर सही घ्या. सही झाल्याशिवाय संगणकाला हात लावू नका.

भारतीय विद्यापीठ संघाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. आंतरविद्यापीठ बॉक्सिंगच्या निकालांसोबत सक्तीच्या विश्रांतीची यादी स्पर्धा संपल्यापासून ४८ तासांत भारतीय बॉक्सिंग महासंघाकडे पाठवण्याचा नियम करावा. येत्या हंगामापासून रेकॉर्ड बुक नसलेल्या बॉक्सरला विभागीय स्पर्धेतही प्रवेश देऊ नये. आणि निमंत्रितांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी विद्यापीठाचा प्रस्ताव आला, तर त्यात रुग्णालयाचे हमीपत्र जोडलेले नसल्यास तो चर्चेला घेऊ नये.

क्रीडा संचालकांसाठी: ग्लोव्ह्जच्या खोलीची, वजनाच्या खोलीची आणि रिंगजवळच्या वैद्यकीय टेबलाची तपासणी यादी आम्ही मराठी व इंग्रजीत तयार केली आहे. ज्या विद्यापीठाला हवी असेल त्याला ती विनामूल्य मिळेल. पुढच्या वर्षी स्पर्धा घ्यायची असेल, तर रुग्णालयाशी बोलणी या महिन्यात सुरू व्हायला हवीत.

आपले,
महाराष्ट्रातील काही बॉक्सिंग पंच, प्रशिक्षक व रिंगसाइड डॉक्टर